नऊ नंबरचा माणूस

दिवाळीला चार दिवस बोरी अरबला घरी होतो. भाऊबीजेला यवतमाळहून ताई आली, भाऊजी आले आणि सोबत आठवीतला भाचा. अंगात लाल जर्सी, पाठीवर २३ नंबर. जॉर्डन शिकागोकडून शेवटचा खेळला तो १९९८ साली. तेव्हा हा पोरगा तर सोडाच, मी पण धड चालत नव्हतो. पण रील्सना काळ नसतो. तिथे जॉर्डन, लेब्रॉन, कोहली सगळे एकाच दुपारी खेळत असतात.

तर हा भाचा डावखुरा स्पिनर आहे. दोन वर्षांपासून यवतमाळला क्रिकेटच्या एका कॅम्पला जातो. चिवड्याची ताटली पुढे ओढत त्याने जाहीर केलं की दिवाळीनंतर आपण कॅम्पला जाणार नाही. भाऊजी खूश. (आठवी म्हणजे त्यांच्या हिशेबाने जेईईचा पहिला पेपर.) ताई गप्प. मी विचारलं, "काहून रे?"

"मी नऊ नंबरले येतो मामा बॅटिंगले. दोन-चार ओव्हर टाकाले भेटते. ज्याच्या टीममंधी सुपरस्टार असते तेच टीम जिंकते. जॉर्डन पाय, लेब्रॉन पाय. बाकीचे नुसते उभे राहाले असतात."

आता खरं सांगायचं तर मला लगेच उत्तर सुचलं नाही. कारण तो म्हणत होता ते बास्केटबॉलपुरतं जवळजवळ बरोबर होतं, आणि मी स्वतः कॉलेजात हेच मत छातीठोकपणे मांडत असे. आमच्या कॉलेजच्या बास्केटबॉल टीममध्ये मी होतो, म्हणजे बाकावर होतो. बाकावरून खेळ फार छान दिसतो. आमच्यात एकजण होता, त्याच्या हातात बॉल गेला की आम्ही बाकावरचे निवांत व्हायचो. तो तापाने पडला त्या वर्षी पहिल्याच मॅचला घरी.

बास्केटबॉलचं गणित बघा. मैदानावर पाच. मॅच ४८ मिनिटांची, त्यातली चाळीसेक मिनिटं तुमचा सर्वोत्तम माणूस खेळू शकतो. दर हल्ल्याला बॉल त्याच्या हातात देता येतो, कुठलाही नियम आड येत नाही. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे त्याचा शॉट चुकला तर अर्ध्या-एक मिनिटात त्याला दुसरा मिळतो. पंचवीस शॉट मारले, त्यातले तेरा हुकले, तरी तो त्या रात्रीचा हीरो असू शकतो. म्हणजे खेळाची रचनाच अशी की चांगल्या माणसाचं चांगलेपण सरासरीला उतरतं, नशिबाला फार जागा राहत नाही. २०२१ च्या फायनलच्या शेवटच्या मॅचमध्ये यानिसने एकट्याने ५० पॉइंट केले आणि मिलवॉकी चॅम्पियन झाली. हे एनबीएच्या मालकांना पण कळतं. तिथल्या नियमाप्रमाणे टीमच्या पगाराची एक मर्यादा असते, आणि दहा वर्षं खेळलेल्या एकट्या खेळाडूला त्या मर्यादेच्या ३५ टक्क्यांपर्यंत करार देता येतो. पंधरा जणांच्या टीममध्ये एकाला पस्तीस टक्के! यापेक्षा स्पष्ट कबुली काय हवी.

अपवाद आहेत. २००४ साली लेकर्सकडे शाक, कोबी, कार्ल मलोन आणि गॅरी पेटन असे चार बडे लोक होते आणि डेट्रॉइटने त्यांना ४-१ असं झोपवलं. डेट्रॉइटमध्ये त्या तोडीचा एकही नाही. पण हे उदाहरण वीस वर्षं झाली तरी लोक देतात, यावरूनच ते किती दुर्मिळ आहे हे समजतं.

आणि जॉर्डनचंही जरा नीट बघायला पाहिजे. १९८६ मध्ये प्लेऑफच्या एका मॅचला, बोस्टनविरुद्ध, त्याने ६३ पॉइंट केले. शिकागो ती मॅच हरली, आणि सिरीज ३-० अशी हरली. १९८४ ला लीगमध्ये आलेला जॉर्डन पहिलं अजिंक्यपद जिंकला १९९१ ला. मधे पिपेन यावा लागला, डेट्रॉइटकडून ओळीने तीन वर्षं मार खावा लागला. १९९७ चं अजिंक्यपद ठरलं त्या मॅचमध्ये शेवटचा निर्णायक शॉट मारला स्टीव्ह करने, जॉर्डनने दोघांना अंगावर घेऊन त्याला पास दिला म्हणून. हे मी भाच्याला सांगितलं. तो म्हणाला, "पण पास तर जॉर्डननेच देल्ला न!" बरोबर आहे. बास्केटबॉलमध्ये मी त्याला हरवू शकत नव्हतो.

चूक त्याची एवढीच होती की एका खेळाचा नियम त्याने दुसऱ्या खेळाला लावला. आणि लावला तोही कुठे बसून, तर विदर्भात!

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडा इतिहास. विदर्भ रणजी ट्रॉफीत १९५७-५८ पासून खेळतोय. २०१७-१८ पर्यंत एकदाही फायनल नाही. आमच्या लहानपणी विदर्भाची मॅच म्हणजे पेपरात आतल्या पानावर तीन ओळी. पारावर यावर एकच मत होतं: "आपल्यात आहेच कोन?" मुंबईकडे गावसकर, वेंगसरकर, तेंडुलकर. आपल्याकडे कोण? उमेश यादव आला तेव्हा कुठे सांगायला एक नाव झालं, आणि तोही बऱ्याचदा भारताच्या टीमसोबत. म्हणजे भाचा जे बोलला ते त्याचं स्वतःचं नव्हतंच. ते आमच्या गावात, आमच्या जिल्ह्यात कधीपासूनच पडून होतं. त्याने फक्त त्याला जर्सी घातली.

मग तो मोसम आला. मी तेव्हा नागपूरला हॉस्टेलवर. सेमीफायनल कोलकात्याला, ईडन गार्डनवर, कर्नाटकविरुद्ध. विदर्भ पहिल्या डावात १८५. कर्नाटक ३०१, त्यात करुण नायरच्या एकट्याच्या १५३. हा तोच करुण नायर, ज्याने चेन्नईला इंग्लंडविरुद्ध नाबाद ३०३ काढल्या होत्या. संपलं म्हणून आम्ही मेसला गेलो. दुसऱ्या डावात विदर्भाने ३१३ केल्या, कर्नाटकला हव्या होत्या १९८. आणि रजनीश गुरबानी नावाच्या सिव्हिल इंजिनिअरने (हो, डिग्रीवाला!) त्यांना १९२ वर गुंडाळलं. पाच रनांनी जिंकलो. गुरबानीच्या मॅचमध्ये बारा विकेट. त्या रात्री आमच्या हॉस्टेलवर सिव्हिलच्या पोरांनी जो माज केला त्याला तोड नाही. प्लेसमेंट नसलेली ब्रँच म्हणून तीन वर्षं ऐकून घेतलेलं सगळं व्याजासकट वसूल.

फायनल इंदूरला, होळकर स्टेडियमवर, दिल्लीशी. दिल्लीचा कॅप्टन ऋषभ पंत, ओपनर गौतम गंभीर. आमच्याकडे उमेश पण नव्हता, तो दक्षिण आफ्रिकेच्या दौऱ्यावर. कॅप्टन फैज फजल. फैजची एक गंमत सांगतो. तो भारताकडून एकच वनडे खेळला, २०१६ साली झिम्बाब्वेत, नाबाद ५५ केल्या, आणि परत कधी बोलावणं आलं नाही. त्याची आंतरराष्ट्रीय सरासरी काढताच येत नाही, शून्याने भागावं लागतं! प्रोग्रॅमर लोकांनी याच्यावर जरा दोन मिनिटं विचार करावा.

दिल्लीच्या ध्रुव शोरेने १४५ केल्या. गुरबानीने ६ विकेट घेतल्या, त्यात हॅटट्रिक. तिघंही बोल्ड, तिसरा स्वतः शोरे. दिल्ली २९५. आता पुढचं नीट बघा, कारण माझं सगळं म्हणणं या एका डावात आहे. विदर्भाने ५४७ केल्या. वर फजल ६७, वसीम जाफर ७८. ठीक, चांगलं. पण खाली? विकेटकीपर अक्षय वाडकर १३३, त्याचं फर्स्ट क्लासमधलं पहिलं शतक. डावखुरा स्पिनर आदित्य सरवटे ७९. फास्ट बोलर सिद्धेश नेरळ ७४. या तिघांची बेरीज २८६, म्हणजे निम्म्याहून जास्त. ज्यांना स्कोअरबोर्डवर शोधायला खाली जावं लागतं त्या माणसांनी फायनल जिंकली. दिल्ली दुसऱ्या डावात २८०, आम्हाला हव्या होत्या २९ आणि आम्ही नऊ विकेटनी जिंकलो. तारीख १ जानेवारी २०१८. थर्टीफर्स्टमुळे निम्मं हॉस्टेल झोपलेलं. त्यांना उठवून सांगावं लागलं की आपण चॅम्पियन झालो. एकाने कूस बदलत विचारलं, "कशात?"

आता जाणकार मंडळी म्हणतील, वसीम जाफर कोण होता मग? बरोबर आहे. रणजीच्या इतिहासात सगळ्यात जास्त रन त्याच्या नावावर, बारा हजारांच्या वर. मुंबईकडून आयुष्यभर जिंकत आलेला माणूस. पुढच्या वर्षी, २०१८-१९ ला, वयाच्या चाळिशीत त्याने एका मोसमात १०३७ काढल्या. आणि कोच चंद्रकांत पंडित, तोही मुंबईचाच. याच पंडितने पुढे २०२२ ला मध्य प्रदेशला रणजी जिंकून दिली, फायनलला मुंबईला हरवून, आणि त्या मुंबईत सर्फराझ खान होता ज्याने त्या मोसमात ९८२ केल्या होत्या. मला वाटतं रणजीत कोणी सुपरस्टार असलाच तर तो पॅव्हेलियनमध्ये टोपी घालून बसलेला असतो. पण तो विषय वेगळा.

जाफरबद्दल माझं म्हणणं असं. तो विदर्भाला आणला तो सगळी मॅच खेचायला नाही. क्रिकेटमध्ये ते करताच येत नाही, निदान चार-पाच दिवसांच्या क्रिकेटमध्ये नाही. बास्केटबॉलच्या उलटं गणित आहे इथे. जगातला सर्वोत्तम बोलर आणा, एक ओव्हर टाकली की पुढची दुसऱ्यालाच टाकावी लागते. नियमच तसा. म्हणजे अर्धी बोलिंग कायम दुसऱ्याची. जगातला सर्वोत्तम बॅट्समन आणा, त्याला समोरच्या एंडला कोणीतरी उभा लागतो. दहा गेले की अकरावा कितीही थोर असो, डाव संपला. आणि मुख्य म्हणजे त्याला चूक करायला एकच संधी. जॉर्डनचा शॉट हुकला की तो पळत मागे जातो आणि परत येतो. बॅट्समनचा हुकला की तो पॅड काढून चहा पीत बसतो.

हे मी डोळ्याने बघितलंय. ६ फेब्रुवारी २०१९, जामठ्याचं स्टेडियम, विदर्भ-सौराष्ट्र फायनलचा चौथा दिवस. कॉलेज बुडवून आम्ही चौघं स्टँडमध्ये पाय पसरून बसलेलो. सौराष्ट्राकडे चेतेश्वर पुजारा. तो महिनाभरापूर्वीच ऑस्ट्रेलियात तीन शतकं आणि ५२१ रन काढून आलेला, भारताने तिथे पहिल्यांदा सिरीज जिंकली ती मुख्यतः त्याच्यामुळे. सेमीफायनलला कर्नाटकविरुद्ध नाबाद १३१. त्या घडीला जगातल्या कुठल्याही बोलरला नको असलेला माणूस. फायनलमध्ये पहिल्या डावात १, दुसऱ्या डावात ०. दोन्ही वेळा आदित्य सरवटे. सौराष्ट्राला २०६ हव्या होत्या, १२७ वर आटोपले. सरवटेच्या मॅचमध्ये ११ विकेट, वर दुसऱ्या डावात ४९ रन. आणि पहिल्या डावात आम्ही ३१२ पर्यंत गेलो ते कशामुळे, तर खाली येऊन अक्षय कर्णेवारने काढलेल्या नाबाद ७३ मुळे. पुन्हा तेच, खालून.

इथे मला माझ्याच विरोधात एक साक्ष द्यावी लागेल, नाहीतर अप्रामाणिक होईल. त्याच मोसमात सेमीफायनल होती केरळशी, वायनाडला. उमेश यादव खेळला. ४८ रनांत ७ आणि ३१ रनांत ५. केरळ १०६ आणि ९१, मॅच दुसऱ्याच दिवशी खल्लास. त्या मॅचपुरता उमेश म्हणजे जॉर्डनच. तेव्हा एक माणूस एक मॅच जिंकून देऊ शकतो हे क्रिकेटमध्येही खरं आहे. पण रणजी जिंकायला सात लीग मॅच आणि मग बाद फेरी, थंडीच्या महिन्यांत, वेगवेगळ्या गावच्या वेगवेगळ्या खेळपट्ट्यांवर. दर वेळी तोच माणूस चालत नाही. २०१७ ला गुरबानी, इंदूरला वाडकर, वायनाडला उमेश, जामठ्याला सरवटे. सुपरस्टार होताच प्रत्येक वेळी. फक्त आधी माहीत नव्हतं की आज कोण.

आणि एकटा चालला तर काय होतं? करुण नायरने १५३ केल्या, कर्नाटक हरलं. शोरेने १४५ केल्या, दिल्ली हरली. रणजी फायनलमधली पहिली हॅटट्रिक तामिळनाडूच्या कल्याणसुंदरमने १९७२-७३ ला घेतली, मुंबईविरुद्ध. जिंकली मुंबई. (त्या मुंबईची ती ओळीने पंधरावी ट्रॉफी. लोक म्हणतात स्टार होते म्हणून. मी म्हणतो, कसोटीसाठी स्टार निघून गेल्यावरही मागे उरलेली मुंबई तेवढीच चिवट होती म्हणून.) गंमत म्हणजे नायर आणि शोरे दोघंही पुढे विदर्भाकडूनच खेळायला आले! नायर २०२४-२५ च्या विजय हजारे स्पर्धेत वेड्यासारखा खेळला, पाच शतकं, ७७९ रन, सरासरी ३८९. फायनलला २७ वर गेला. शोरेने त्या दिवशी ११० केल्या. विदर्भ ३६ रनांनी हरला.

त्याच मोसमातली रणजीची सेमीफायनल, फेब्रुवारी २०२५, नागपूरला मुंबईशी. मुंबईकडे रहाणे, सूर्यकुमार यादव, शिवम दुबे, शार्दूल ठाकूर. टीव्हीवरच्या जाहिराती एकत्र केल्या तर तासभर चालतील अशी टीम. पार्थ रेखडे नावाच्या पोराने पहिल्या डावात एकाच ओव्हरमध्ये रहाणे, सूर्यकुमार आणि दुबे तिघांना घरी पाठवलं. सूर्या शून्य, दुबे शून्य. दुसऱ्या डावात यश राठोड १५१. ऐंशी रनांनी जिंकलो. मग फायनलला केरळ, मॅच ड्रॉ, पण पहिल्या डावात ३७ ची आघाडी होती म्हणून विदर्भाची तिसरी ट्रॉफी. केरळकडून ७९ रन कोणी काढल्या? आदित्य सरवटेने. तो त्या वर्षी तिकडे गेला होता. जामठ्यावर आपलाच माणूस आपल्याविरुद्ध खेळताना बघून काय वाटलं ते मला अजून नीट सांगता येत नाही.

भाच्याला मी रेखडेची ती ओव्हर मोबाईलवर दाखवली. तीनदा बघितली त्याने. डावखुरा स्पिनर. सरवटे पण डावखुरा स्पिनर. आणि हर्ष दुबे, ज्याने त्या मोसमात ६९ विकेट घेऊन रणजीचा एका मोसमातला विक्रम मोडला, तो पण डावखुरा स्पिनर.

"मंग हर्ष दुबे सुपरस्टारच झाला न!"

पोरगं चलाख आहे. इथे माझी थोडी पंचाईत झाली. ६९ विकेट घेणारा माणूस स्टार नाही तर काय आहे? मोसमात सगळ्यात जास्त रन, ९६०, यश राठोडच्या, तो पण विदर्भाचा. म्हणजे विदर्भाकडे स्टार नव्हते असं म्हणणं तांत्रिकदृष्ट्या खोटं आहे. पण मोसम सुरू व्हायच्या आधी यवतमाळच्या बस स्टँडवर हर्ष दुबेचं नाव किती जणांनी सांगितलं असतं? आपल्याकडे सुपरस्टार या शब्दाचे दोन अर्थ झालेत आणि आपण ते एकमेकांत कालवून टाकतो. एक, ज्याच्यामुळे टीम जिंकते. दुसरा, ज्याच्यामुळे तिकिटं खपतात. एनबीएमध्ये हे दोन्ही बहुतेक एकच माणूस असतो. आपल्याकडे नाही. जानेवारी २०२५ मध्ये कोहली दिल्लीकडून रेल्वेविरुद्ध रणजी खेळला, तेव्हा हजारो लोक सकाळपासून रांगेत. तो ६ वर बोल्ड झाला. लोक उठून निघाले. दिल्ली ती मॅच डावाने जिंकली, पण ती बघायला कोण थांबलं होतं? त्याच्या आठवडाभर आधी मुंबईने रोहित, जयस्वाल, रहाणे, श्रेयस असे सगळे उतरवले आणि जम्मू-काश्मीरकडून पाच विकेटनी हरली.

मला स्टार लोकांचा राग नाही. त्यांच्यामुळे पैसा येतो आणि त्या पैशावरच बाकीचं सगळं चालतं. राग आहे तो या कल्पनेचा की बाकीचे नुसते उभे राहायला असतात.

कबड्डी यात मधे कुठेतरी बसते. सात जण, एक रेडर एकटाच समोरच्या अंगणात जातो, म्हणजे बास्केटबॉलसारखी थोडी एकट्याला संधी आहे. प्रदीप नरवालने पाटण्याला ओळीने तीनदा प्रो कबड्डी जिंकून दिलीच. पण पवन सेहरावतला २०२२ मध्ये तमिळ थलायवाजने २ कोटी २६ लाखांना घेतलं, तो पहिल्याच मॅचला गुडघा धरून बाहेर गेला, आणि थलायवाज त्याच्याविना सेमीफायनलला पोहोचले, पहिल्यांदाच. पुढच्या मोसमात तेलुगू टायटन्सने त्याच्यासाठी २ कोटी ६० लाख मोजले. तो पूर्ण मोसम खेळला. टायटन्स शेवटून पहिले, २२ पैकी २ मॅच जिंकून. आणि ट्रॉफी कोणी नेली? आमच्या पुणेरी पलटणने, अस्लम इनामदार आणि त्याच्या बरोबरीच्या पोरांनी. (हिंजवडीत राहतो म्हणून 'आमच्या'. विदर्भवाल्यांनी रागावू नये.)

आपल्या ऑफिसातही एक जॉर्डन असतोच. रात्री दोनला प्रॉडक्शन पडलं की त्यालाच फोन. अप्रेझलच्या मीटिंगला त्याच्याच नावाची टाळी. मी पण त्याच्यासाठी वाजवलीय. पण आमचा मागचा रिलीज पंधरा दिवस लांबला तो त्याच्यामुळे नाही. एका नव्या मुलीने लिहिलेला एक छोटा मॉड्यूल कोणी नीट तपासला नाही म्हणून. आणि न तपासणाऱ्यांत मी होतो. माझ्या यादीत तिचा मॉड्यूल नवव्या नंबरवर होता, मी पहिले चार बघून घरी गेलो. सॉफ्टवेअर बास्केटबॉल आहे की रणजी, याचं उत्तर मला त्या पंधरा दिवसांत मिळालं.

असो. भाऊबीजेची ओवाळणी झाली, जेवणं झाली, भाऊजी ओसरीत आडवे झाले. कापसाच्या वेचणीची माणसं कुठून आणायची यावर बाबांचं आणि त्यांचं चाललेलं. मधेच भाऊजींनी मला हळूच सांगितलं, "तुम्ही त्याले चढवून राहिले, पण एवढ्या पोट्ट्यांमंधून रणजीले किती जातेत? वर्षाले पंधरा-वीस. अन् आपल्या जिल्ह्याचा कोन?" हे खरंच आहे. त्यांच्या काळजीला माझ्याकडे स्कोअरकार्ड नाही. विदर्भ जिंकला म्हणून यवतमाळचा पोरगा टीममध्ये बसतोच असं नाही, आणि आठवीतल्या पोराला कॅम्पला पाठवणाऱ्या बापाला आकडेमोड करायचा हक्क आहे. मी फक्त एवढं म्हटलं की भाऊजी, तो सोडतोय ते कारण चुकीचं आहे. अभ्यासासाठी सोडला तर मी एक शब्द बोलणार नाही.

तेवढ्यात भाचा आला. त्याच्या डोक्यात दुसरंच चालू होतं.

"मामा, रणजीमंधी नऊ नंबरले खेळनाऱ्याले पैशे किती भेटतेत?"

हे मला माहीत होतं. २०२१ पासून रणजीत मॅच खेळणाऱ्या अकरा जणांना दिवसाचे चाळीस हजार. वीसच्या वर मॅच झाल्या की पन्नास हजार, चाळीसच्या वर झाल्या की साठ. बाहेर बसलेल्याला निम्मे.

"अन् एक नंबरले येनाऱ्याले?"

"तेवढेच. किती मॅच झाल्या त्यावर. कितव्या नंबरला येतो त्यावर नाही."

त्याने बोटांवर हिशेब केला. चार दिवसांची मॅच, चाळीस हजाराने एक लाख साठ हजार. सात लीग मॅच, अकरा लाख वीस हजार. भाऊजी आडवे होते ते उठून बसले. माझं पहिल्या वर्षीचं पॅकेज घरात सगळ्यांना पाठ आहे, आणि ते यापेक्षा बरंच कमी होतं. ताई तोंडाला पदर लावून हसत होती.

"मामा, चाल न ग्राउंडवर," तो म्हणाला. "तू बॅटिंग कर."

ग्राउंड म्हणजे सोयाबीन काढून मोकळं झालेलं काकांचं वावर. खेळपट्टीला चिरा होत्या, स्पिनरला पाहिजे तशा. मी पहिले दोन बॉल अडवले. तिसरा पुढे पडला, मी मोठा पाय टाकला, बॉल बाहेरच्या बाजूला वळला आणि मागे ठेवलेल्या तेलाच्या पिंपावर टण्णकन वाजला. भाचा काही बोलला नाही. जर्सीची बाही वर सारली आणि बॉल परत मागायला हात पुढे केला.